टप काढायचा, तर त्याचं काम कोण करणार?

जुन्या मोटारींचा नाद लागलेल्या माणसाच्या मनात हा विचार कधी ना कधी येतोच: बंद टपाची ही गाडी उघडी करता येईल का? त्यामागचं कारणही सरळ आहे. उघड्या गाड्या कारखान्यांनी मुळातच कमी बनवल्या, त्यातल्या थोड्या टिकल्या आणि ज्या टिकल्या त्यांच्या किमती आवाक्याबाहेर गेल्या. त्याच मॉडेलची सलून, म्हणजे पक्क्या टपाची बंद गाडी, मात्र त्या मानाने स्वस्तात मिळून जाते. मग वाटतं, ग्राइंडर लावायचा, खांब कापायचे, वर कापडी हूड चढवायचं, झालं.

असं केलेल्या गाड्या जगभर आहेत. काही इतक्या नेटक्या की कारखान्यातून तशाच निघाल्या असाव्यात असं वाटावं. काहींची दारं दोन पावसाळ्यांत लागेनाशी होतात. मिस्त्रीच्या हाताच्या सफाईने थोडा फरक पडतो. पण खरा फरक पडतो तो कापण्याआधी कोणी नीट पाहिलं होतं का, की या गाडीची ताकद नेमकी कुठे आहे. ते पाहायला इंजिनिअर असावं लागत नाही. त्यासाठी एक गाडी समोर ठेवू: ट्रायंफ हेराल्ड. कॉव्हेंट्रीच्या स्टँडर्ड-ट्रायंफ कंपनीने ती 1959 साली ब्रिटनमध्ये बाजारात आणली. तिचीच आवृत्ती पुढे मद्रासला ‘स्टँडर्ड हेराल्ड’ या नावाने तयार होऊ लागली, त्यामुळे साठ-सत्तरच्या दशकात वाढलेल्या आपल्याकडच्या पुष्कळांना तिचा चेहरा ओळखीचा आहे.

वाकणं आणि पिळणं

रस्त्यावर धावणाऱ्या गाडीच्या सांगाड्याला मुख्यतः दोन ताण सोसावे लागतात. पहिला वाकण्याचा. चाकं दोन टोकांना आणि माणसं मधे, त्यामुळे गाडी कायम मधोमध खाली झुकायला बघत असते. दुसरा पिळण्याचा. पुढचं डावं चाक तिरक्या स्पीड-ब्रेकरवर चढलं आणि बाकीची तीन सपाट रस्त्यावर आहेत, असा क्षण धरा. गाडीचं पुढचं अंग उजवीकडे कलू पाहतं, मागचं जागच्या जागी राहू पाहतं, आणि मधल्या सांगाड्याला पीळ बसतो.

वाकण्याचा बंदोबस्त तुलनेने सोपा. खाली उंच, भक्कम तुळया घातल्या की भागतं. पीळ सोसणं अवघड. बुटांचं रिकामं खोकं झाकण काढून दोन्ही हातांत धरा आणि पिळा; सहज वेडंवाकडं होतं. त्यालाच झाकण लावून चारही कडा चिकटपट्टीने बंद करा आणि पुन्हा पिळून बघा. पुठ्ठा तोच, पण आता ते दाद देत नाही. पिळताना खोक्याच्या प्रत्येक चौकोनी बाजूला तिरकं व्हायचं असतं. सगळ्या बाजू एकमेकींना घट्ट धरून असल्या तर कोणालाच तिरकं होता येत नाही. एक बाजू सुटली की बाकीच्यांना मोकळीक मिळते.

बंद गाडीत त्या झाकणाचं काम टप करतो. आता गाडीच्या बाजूकडे पाहा. दारं ताकदीच्या हिशोबात जवळजवळ धरायचीच नाहीत, कारण ती बिजागऱ्यांवर आणि एका कुलपावर लटकलेली असतात. म्हणजे दाराच्या जागी मोठं भोकच आहे. त्या भोकाभोवती एक कडं असतं: पुढे काचेचा खांब, वर टपाची कड, मागे दारामागचा खांब आणि खाली दाराखालून जाणारी पोकळ पत्र्याची पेटी, जिला गॅरेजमध्ये सिल म्हणतात. हे कडं पूर्ण आहे तोवर भोक असूनही बाजू भक्कम राहते. टप कापला की कडं वरून तुटतं. पुढचा खांब आणि मागचा खांब यांना जोडणारी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे खालची सिल. कालपर्यंत चौघांनी वाटून घेतलेलं ओझं आज तिच्या एकटीवर येतं.

याचे परिणाम लगेच दिसतीलच असं नाही. गाडी गॅरेजच्या सपाट फरशीवर उभी असताना सगळं झकास वाटतं. रस्त्यावर गेल्यावर पुढच्या काचेची चौकट आणि डॅशबोर्ड थरथरू लागतात. मोटारवाल्यांच्या भाषेत हा ‘स्कटल शेक’. मग खड्ड्यातून गेल्यावर दार कुरकुरतं. मग एक दिवस गाडी फुटपाथच्या कडेवर एक चाक चढवून लावली तर दार उघडतच नाही, किंवा उघडलं तर पुन्हा लागत नाही. पुढची काच कोपऱ्यातून तडकते. शेवटी सिल आणि खांब जिथे मिळतात तिथला रंग केसासारख्या रेषेने फाटतो. तो रंग फाटलेला दिसला की खाली पत्राही थकलेला असणार, असं धरून चालावं.

चेसिसची गाडी वेगळी

सगळ्याच गाड्यांमध्ये टपावर इतका भार नसतो. दुसऱ्या महायुद्धाआधी रोल्स-रॉइससारखी कंपनी फक्त चेसिस, इंजिन आणि चाकं विकत असे. वरची बॉडी गिऱ्हाईक आपल्या पसंतीच्या बॉडी बांधणाऱ्याकडून करून घेई. हिंदुस्थानातल्या संस्थानिकांनी मागवलेल्या कित्येक गाड्या अशाच घडल्या. मालकाचं मन बदललं, घरात कुटुंब वाढलं किंवा नुसती फॅशन बदलली, तर बंद बॉडी उतरवून उघडी चढवली जाई, कधी उलटही होई. त्या काळी हा काही गाडीचा अपमान समजला जात नसे. चेसिस म्हणजे पोलादी तुळयांची पूर्ण चौकट. वाकणं आणि पिळणं दोन्ही तीच सोसायची. वरची बॉडी बसणाऱ्यांची सोय होती.

पुढे मोनोकॉक बांधणी आली. वेगळी चेसिस काढून टाकली आणि तळ, बाजू, खांब, टप हे सगळे पत्रे एकमेकांना वेल्ड करून एकच भक्कम पेटी केली. गाडी हलकी झाली, स्वस्त झाली, पण प्रत्येक पत्र्याला ताकदीचं काम लागलं. इथून पुढे ‘नुसता टप काढू’ असं म्हणणं धोक्याचं झालं.

1950 च्या दशकात सगळे मोनोकॉककडे चालले असताना हेराल्ड चेसिसकडे परत गेली, आणि त्यामागे एक व्यापारी अडचण होती. स्टँडर्ड-ट्रायंफला बॉडी पुरवणारी फिशर अँड लडलो ही कंपनी 1953 मध्ये प्रतिस्पर्धी ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने (बीएमसी) विकत घेतली. आता पत्रे दाबून पूर्ण मोनोकॉक बॉडी करून देणारा मोठा कारखाना हाताशी राहिला नाही. तेव्हा कंपनीने ठरवलं की खाली चेसिस ठेवायची आणि वरची बॉडी तुकड्यांत, वेगवेगळ्या छोट्या कारखान्यांतून करून घ्यायची, आणि ते तुकडे बोल्टने एकमेकांना जोडायचे. इटालियन डिझायनर जिओव्हानी मिकेलोत्ती यांनी तिला असं रूप दिलं की हे सांधे डोळ्यांना खटकत नाहीत.

अडचणीतून निघालेल्या या तोडग्याने हेराल्डला वेगळाच गुण दिला. पुढचा भाग एक, मागचा भाग एक, टप तिसरा. मागचा भाग आणि टप बदलले की वेगळी गाडी. 1959 मध्ये सलून आणि कूपे (आखूड टपाची बंद गाडी) एकत्रच आल्या, 1960 मध्ये कन्व्हर्टिबल (घडी होणाऱ्या कापडी हूडची उघडी गाडी), 1961 मध्ये इस्टेट (मागे सामानाला मोठी जागा असलेली), पुढच्या वर्षी माल वाहणारी व्हॅन. खालची चेसिस सगळ्यांची सारखी. सुट्टे भाग पेटीत भरून परदेशी पाठवायलाही हीच रचना सोयीची होती, आणि मद्रासपर्यंत ती पोचायला त्याचा मोठा हात होता.

हेराल्डचा टप उतरवणं

हेराल्ड सलूनचा टप कापावा लागत नाही. तो पुढच्या काचेच्या चौकटीच्या वरच्या कडेला, दारामागच्या खांबांना आणि मागच्या बाजूला बोल्टने धरलेला असतो. आतलं अस्तर सोडवायचं, रबरं काढायची, काचा आणि ट्रिम जपून बाजूला ठेवायची आणि पान्याने बोल्ट काढायचे. गंजून अडकलेले नसतील तर दोन माणसं टप उचलून बाहेर ठेवू शकतात. जुन्या मोटारींच्या जगात इतकी सोय क्वचित मिळते, आणि म्हणूनच ब्रिटनमधल्या कितीतरी हेराल्ड सलून पुढे उघड्या झाल्या.

पण इथेच अनेकांची गल्लत होते. टप उतरला म्हणजे कन्व्हर्टिबल तयार झाली असं नाही. कारखान्याने जी कन्व्हर्टिबल बनवली तिच्यात दारामागच्या खांबांना जादा मजबुती होती, कारण टप गेल्यावर हे खांब वरून कशालाच बांधलेले नसतात आणि दार आपटलं की हलतात. हूडची घडी होणारी चौकट याच खांबांवर बसते. ती मिटल्यावर ठेवायला जागा लागते, त्यामुळे मागची बैठकही वेगळी होते. सलूनमध्ये काच वर केली की ती टपाच्या रबराला टेकते. आता ती हूडच्या कडेला टेकली पाहिजे, तीही पाऊस आत न येता. यासाठी मोडीत निघालेल्या खऱ्या कन्व्हर्टिबलचा मागचा भागच मिळवून चढवणं हा सगळ्यात चांगला मार्ग. बोल्टची गाडी असल्याने ते शक्य आहे.

आणखी एक गोष्ट तपासावीच लागते: चेसिस. हेराल्डच्या चेसिसच्या मधल्या दोन मुख्य तुळयांपासून बाहेर हात फुटलेले असतात आणि त्यांच्या टोकांवर बाजूच्या तुळया असतात. बॉडी या सगळ्यावर बसते. दाराखाली दिसणारी सिल हेराल्डमध्ये वरून लावलेलं झाकण आहे, तिच्यावर भार नाही. मग भार कुठे, तर त्या हातांवर आणि बाजूच्या तुळयांवर, आणि नेमके तेच आधी गंजतात. रस्त्यावरचा चिखल तिथे जाऊन बसतो. आपल्या किनारपट्टीवर, खाऱ्या हवेत आणि चार महिन्यांच्या पावसात, हे काम किती लवकर होतं ते कोकणात किंवा गोव्यात गाडी ठेवणाऱ्याला सांगायला नको. बंद गाडीत टप थोडाफार हातभार लावत होता. तो काढला की गंजलेल्या हातांची परीक्षा सुरू होते. म्हणून क्रम असा हवा: आधी बॉडी उचलून चेसिस दुरुस्त, मग टप.

याच हेराल्डच्या चेसिसची आखूड आवृत्ती घेऊन 1962 मध्ये ट्रायंफ स्पिटफायर ही दोन माणसांची उघडी गाडी निघाली. तिच्यात बाजूच्या तुळया गाळल्या आणि त्यांचं काम बॉडीच्या सिलना दिलं. दोघी एकाच घरातल्या, दिसायला सिलही सारखीच. पण हेराल्डची सिल काढून टाकली तर काही बिघडत नाही आणि स्पिटफायरची काढली तर गाडी मधोमध खचू शकते. वरून पाहून ताकदीचा अंदाज बांधू नये, हे मला तरी या दोन गाड्यांइतकं स्पष्ट दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही.

जिथे कापावंच लागतं

आता बीटल. फोक्सवॅगनच्या या गाडीला खाली सपाट तळ आणि मधून जाणारा कणा आहे, त्यामुळे ती चेसिसची गाडी आहे असा समज होतो. अर्धं खरं आहे. वरची बॉडी तळाला बोल्टने जोडलेली असली तरी दाराखालच्या पोकळ पेट्या आणि टप मिळून ताकदीचा मोठा वाटा उचलतात. जर्मनीत ओस्नाब्र्युकच्या कारमान कंपनीने 1949 पासून 1980 पर्यंत बीटलची कॅब्रिओले, म्हणजे उघडी आवृत्ती, बनवली, सव्वातीन लाखांहून जास्त. कारमानने टप काढताना दाराखाली जादा पोलादी पट्ट्या घातल्या आणि खांबांना, आडव्या तुळयांना मजबुती दिली. परिणाम असा की टप नसलेली बीटल टप असलेल्या बीटलपेक्षा जड निघाली. हे ऐकून नवख्याला नवल वाटतं, पण बहुतेक कन्व्हर्टिबलची हीच गोष्ट आहे: वरून काढलेल्या पातळ पत्र्याची भरपाई खाली जाड पोलादाने करावी लागते. काही अमेरिकन उघड्या गाड्यांमध्ये तर थरथर मारण्यासाठी कोपऱ्यांत मुद्दाम ओतीव लोखंडाची वजनं टांगलेली असत.

चांगला मिस्त्री असं काम कसं करतो ते जवळून पाहण्यासारखं असतं, कारण कापणं हा त्यातला अगदी छोटा भाग आहे. पहिल्यांदा तो गंज काढतो. सिलमध्ये हातोडीच्या टोकाने ठोकून आवाज ऐकतो. भरीव ठणठण आला तर पत्रा आहे, भदभद आला तर आत लांबी, म्हणजे खड्डे बुजवायचं पुटिंग, भरलेली आहे. लांबीने गंज दिसेनासा होतो, पण ताकद येत नाही, तेव्हा ती सगळी खरवडून नवा पत्रा वेल्ड करतो. गाडी पूर्ण धडधाकट झाल्याशिवाय टपाला हात लावत नाही.

मग मापं. गाडी सपाट जागी, तिच्या स्वतःच्या चाकांवर किंवा चाकांच्या जवळच्या मजबूत आधारांवर, चारही कोपरे समतोल करून ठेवली जाते. दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजून पत्र्यावरच खडूने लिहिले जातात, डावे-उजवे दोन्ही. दार आणि खांब यांच्यातली फट वर, मधे, खाली अशी तीन ठिकाणी मोजली जाते. इंजिन आणि गिअरबॉक्स गाडीत ठेवायचं की काढायचं हेही आधीच ठरवायचं असतं, कारण त्यांच्या वजनाने गाडी किती झुकते ते बदलतं. त्यानंतर दाराच्या भोकात लोखंडी अँगल आडवे आणि तिरके टाकून तात्पुरते वेल्ड करतात, आणि डाव्या खांबापासून उजव्या खांबापर्यंतही एक. म्हणजे कापल्यावर गाडीला हलायला जागाच उरत नाही. घाईत हा टप्पा गाळला जातो, आणि तिथेच गाडी बिघडते. अँगल न लावता कापलेली बॉडी काही मिलिमीटर मिटते किंवा उघडते, आणि तिच्यावर त्याच अवस्थेत मजबुतीचे पत्रे वेल्ड झाले की ते वाकडेपण कायमचं होतं.

कापण्याआधी, हो, आधीच, नवी मजबुती घातली जाते. सिलच्या आत दुसरा जाड पत्रा, शक्यतो पूर्ण लांबीचा, किंवा सिलचीच उंची वाढवलेली पेटी. पुढच्या सीटखालून आडवी पेटी. मागच्या सीटमागे, जिथे बंद गाडीत टपाचा मागचा भाग खाली येत होता, तिथे एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत बंद पत्रा. काचेचे खांब जिथे डॅशबोर्डला मिळतात त्या कोपऱ्यांत त्रिकोणी पट्ट्या, आणि काचेच्या चौकटीच्या आत नळी. यातली एकही गोष्ट बाहेरून दिसत नाही. सुंदर दिसणाऱ्या रूपांतराच्या फोटोंवरून म्हणूनच काही कळत नाही. काम चालू असतानाचे फोटो असतील तर कळतं.

मग टप कापला जातो, मापं पुन्हा घेतली जातात, आणि दारं लावून पाहिली जातात. सगळं जमलं तरच आधाराचे अँगल निघतात, तेही एकेक करून, प्रत्येकानंतर दार उघडून-लावून.

हूड ही स्वतंत्र कला आहे आणि तिच्यावर स्वतंत्रच लिहायला हवं. एवढंच सांगतो की पाणी येणारच असं धरून ते बाहेर कसं जाईल याचा विचार करावा. सिलमधली आणि तळातली निचऱ्याची भोकं मजबुतीचे पत्रे लावताना बुजली तर एका पावसाळ्यात आतून सडायला सुरुवात होते.

आणि सीट बेल्ट. खांद्यावरून येणारा पट्टा बंद गाडीत दारामागच्या खांबाच्या वरच्या भागात अडकवलेला असतो. टप गेल्यावर त्या खांबाचं खुंट उरतं आणि पट्टा धरायला योग्य उंचीवर जागाच राहत नाही. मागच्या मजबुतीला जोडलेला वेगळा आधार करावा लागतो. गाडी उलटली तर डोक्यावर काय आहे, हा प्रश्नही प्रामाणिकपणे स्वतःला विचारावा. माझं मत विचाराल तर घरातल्या लहान मुलांना बसवायच्या गाडीचा टप कापू नये.

कागद काय म्हणतात

फेरारी 365 जीटीबी/4, जिला सगळे डेटोना म्हणतात, 1968 मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनात आली. बंद कूपे सुमारे 1,300 बनल्या, उघड्या स्पायडर फक्त 122 च्या आसपास. स्पायडरला मागणी इतकी की पुढच्या काळात बऱ्याच कूपेंचे टप कापून त्यांच्या स्पायडर केल्या गेल्या, काही अतिशय निगुतीने. आज बाजारात खऱ्या स्पायडरला जी किंमत येते तिच्या जवळपासही या कापलेल्या गाड्या जात नाहीत. काम उत्तम असलं तरी नाही. जुन्या गाडीत संग्राहक पैसे मोजतो ते तिच्या इतिहासासाठी, आणि चेसिस क्रमांक तो इतिहास सांगतो.

ब्रिटिश हेराल्डमध्ये तर हे अगदी उघड आहे. बॉनेट उचललं की कमिशन क्रमांकाची, म्हणजे कारखान्याने दिलेल्या ओळख क्रमांकाची, पट्टी दिसते. क्रमांकाच्या शेवटी डीएल ही अक्षरं असतील तर गाडी सलून म्हणून निघाली, सीव्ही असतील तर कन्व्हर्टिबल म्हणून, सीपी असतील तर कूपे म्हणून. समोर उघडी हेराल्ड उभी आहे आणि पट्टीवर डीएल आहे, तर तिचा टप नंतर उतरलेला आहे. विकणाऱ्याने ते स्वतःहून सांगितलं तर व्यवहार सरळ आहे. पट्टीच बदललेली असेल तर तिथून उठावं.

ब्रिटनमध्ये मोठे बदल केलेल्या गाड्यांसाठी नोंदणी खात्याने अनेक वर्षं गुणांची पद्धत वापरली. मूळ ओळख टिकवायला 8 गुण लागत, आणि न बदललेली चेसिस किंवा मोनोकॉक बॉडी यालाच त्यातले 5 गुण असत. हेराल्डचा टप बोल्ट काढून उतरवला तर चेसिस जशीच्या तशी राहते. मोनोकॉक गाडी कापली तर त्या 5 गुणांवरच घाव पडतो. जो फरक मिस्त्रीला वेल्डिंग करताना जाणवतो तोच कागदावरही उमटतो.

आपल्याकडे नियम जास्त कडक आहेत. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 52 नुसार निर्मात्याने ठरवलेल्या आणि आरसीत नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत होईल असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. सलूनची कन्व्हर्टिबल करणं म्हणजे बॉडीचा प्रकारच बदलणं, तेव्हा ‘रंग बदलला तसंच हे’ अशी समजूत कोणी करून देत असेल तर ऐकू नये.

दुसरी बाब हेराल्डवाल्यांना थेट लागू पडते. 2021 मध्ये केंद्राने विंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं उलटून गेलेली दुचाकी किंवा चारचाकी विंटेज म्हणून नोंदवता येते, नव्या नोंदणीला 20,000 रुपये शुल्क आहे आणि क्रमांकात व्हीए ही अक्षरं येतात. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो. अशी गाडी रोज वापरायची नसते; प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती किंवा इंधनापुरतीच बाहेर काढायची असते. पण मुख्य अट अशी की गाडी मूळ रूपात असावी, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड 1961 पासून सुमारे दशकभर निघाली, म्हणजे त्या गाड्या आता पन्नाशीच्या पार गेल्या आहेत. आजवर मूळ रूपात टिकलेल्या हेराल्डचा टप उतरवणारा माणूस तिची ही वाट स्वतःच बंद करतो. भारतात चार दारांची हेराल्डही निघाली. ती फक्त इथेच बनली, ब्रिटनमध्ये कधीच नाही. अशी एखादी मूळ अवस्थेत सापडली तर कृपा करून तिला हात लावू नका. ती आहे तशीच दुर्मीळ आहे, आणि शिवाय चार दारांच्या गाडीत टप गेल्यावर मागचं दार ज्या मधल्या खांबाला टांगलेलं असतं तो खांबच एकटा पडतो, म्हणजे कामही दुप्पट अवघड.

परदेशात स्थायिक झालेल्या, तिथल्या नियमांत हे बसवू शकणाऱ्या मराठी हौशी लोकांना मात्र मी हेराल्ड जरूर सुचवीन. उतरवलेला टप, त्याचे बोल्ट, रबरं आणि अस्तर टाकून देऊ नका. चिठ्ठ्या लावून कोरड्या जागी ठेवा आणि गाडी विकताना सोबत द्या.

आणि कोणी केलेली, तयार उघडी गाडी विकत घेणार असाल तर, कंपनी कुठलीही असो, फार साधी तपासणी आहे. सपाट जागी दोन्ही दारं उघडून लावून पाहा, फटी नजरेत ठेवा. मग मालकाच्या परवानगीने पुढचं एक चाक, जिथे कारखान्याने जॅकची जागा दिली असेल तिथून, जमिनीपासून वर येईल इतकं उचला. त्या बाजूचं दार हळूच उघडा, बंद करा. फट वरच्या कोपऱ्यात मिटली, दार घासलं किंवा कुलूप लागताना जोर द्यावा लागला, तर सिलच्या आत काय आहे ते पाहिल्याशिवाय पैशांची गोष्ट काढू नका. काम चालू असतानाचे फोटो मागा. ज्याने नीट केलं असेल त्याच्याकडे ते नक्की असतात, आणि तो ते हौसेने दाखवतो.